बांधापलीकडची सावली

झाड लावणे हे पुण्यकर्म आहे, ह्याविषयी आपणांपैकी कोणाच्याही मनात शंका नसते. माझ्याही मनात नव्हती. म्हणूनच पाच आंब्यांच्या रूपाने माझ्या हातून शेजारधर्माविरुद्ध जो अपराध कित्येक वर्षे घडत राहिला, तो माझ्या ध्यानीमनीही आला नाही. ती हकीकत आज सांगावीशी वाटते. सांगताना थोडे अवघड वाटते खरे. परंतु आपल्या घराभोवती चार झाडे लावू पाहणाऱ्या एखाद्या वाचकाला तिचा उपयोग झाला, तर तेवढे अवघडलेपण सोसण्यास माझी तयारी आहे.

आमचे घर बेळगावपासून काही कोसांवर असलेल्या एका खेड्यात आहे. घराचे तोंड पूर्वेला. समोर अंगण, अंगणात चुन्याने रंगविलेला क्रूस आणि त्यापलीकडे रस्ता. पाठीमागे, म्हणजे पश्चिमेला, परसू. उत्तरेच्या बांधाला लागून शेजारच्या काकींचे घर. ह्या काकी आमच्या नात्यातल्या नव्हेत. त्यांचे यजमान माझ्या वडिलांचे जिवलग मित्र होते. तरुणपणीच वैधव्य आलेल्या ह्या बाईने दोन लेकरांना वाढविले, मार्गी लावले, आणि मुले नोकरीनिमित्त दूर गेल्यावर ती एकटीच त्या घरात राहू लागली. माझी आई नि काकी रविवारी मिस्साला एकत्र जात व एकत्र परत येत. दोन्ही घरांमध्ये बांध होता. परंतु बांधामुळे अंतर म्हणून कधी पडले नव्हते.

वडील २००२ साली देवाघरी गेले. पुढच्या वर्षी घराची व्यवस्था माझ्या हाती आली, आणि नव्या कारभाऱ्याला जसा हुरूप येतो तसा मलाही आला. परसात एक जुनी चिंच होती. तिचा पाला कौलांच्या पन्हळीत साचून पावसाळ्यात घर गळे. मी ती चिंच तोडविली. लाकडाचे पैसे आले, त्यांतून आंब्याची पाच कलमे विकत आणली आणि जून महिन्यात, पहिला पाऊस पडून गेल्यावर, वडिलांच्या स्मरणार्थ ती उत्तरेच्या बांधावर एका रांगेत लावली.

उत्तरेच्याच बांधावर का? ह्याचे उत्तर देताना मला आजही मान खाली घालावी लागते. परसातील माझ्या भाजीच्या वाफ्यांना ऊन हवे होते. झाडे दक्षिणेला लावली तर हिवाळ्यात त्यांची सावली वाफ्यांवर येईल, उत्तरेला लावली तर येणार नाही, एवढे शाळेत शिकलेले भूगोलाचे ज्ञान माझ्यापाशी होते. ती सावली मग जाईल कोठे, हा पुढचा प्रश्न मात्र मी स्वतःला विचारला नाही.

पहिल्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीने तळ गाठला. ती कलमे वाचली काकींच्या विहिरीमुळे. संध्याकाळी कळशी भरून त्या बांधापाशी येत आणि म्हणत, “तुझ्या बाबांची झाडं हायत, सुकून कशी चालतील?” पाच कलमे, पाच कळशा. हा त्यांचा नेम पाऊस पडेपर्यंत चालला.

आंबे वाढले, मोहरले, फळांवर आले. दर वर्षी पहिली पाटी काकींच्या घरी जाई, आणि तेवढ्यावर मी स्वतःला चांगला शेजारी समजत असे.

पुढे २०१८ सालच्या नाताळची गोष्ट. सकाळची मिस्सा आटोपून मी नेवऱ्यांचे ताट घेऊन काकींकडे निघालो. पाहतो तो काकी घरात नाहीत, अंगणात नाहीत. रस्त्याच्या कडेला एक मोडकी खुर्ची टाकून, अंगावर शाल लपेटून, हातात जपमाळ घेऊन त्या बसल्या होत्या. येणारी-जाणारी वाहने त्यांच्या पायांवर धूळ उडवीत होती.

मी म्हणालो, “काकी, सणाच्या दिवशी रस्त्यावर कशाला बसलात?”

त्या हसून म्हणाल्या, “हितं ऊन लागतं रे बाळा. गुडघ्यांना बरं वाटतं.”

“आणि अंगणात?”

त्या काहीच बोलल्या नाहीत. मीच वळून त्यांच्या अंगणाकडे पाहिले. सकाळचे नऊ वाजले होते. रस्ता उन्हाने न्हाला होता, माझे अंगण न्हाले होते. आणि काकींचे सारे अंगण, त्यांचा कट्टा, दक्षिणेची भिंत व तिच्यातील एकुलती एक खिडकी ही माझ्या वडिलांच्या स्मरणार्थ लावलेल्या आंब्यांच्या गार, काळ्या सावलीत बुडून गेली होती. भिंतीच्या पायथ्याशी पावसाळ्यातले शेवाळ अजून हिरवे होते. नव्या भाताचा तांदूळ त्यांनी वाळत घातला होता तोही रस्त्याच्या कडेलाच, गोणपाटावर.

“किती वर्षं झाली असं?” मी विचारले.

“असंल पाच-सहा वर्षं. झाड म्हटल्यावर सावली पडणारच की,” काकी म्हणाल्या, आणि नेवरीचा तुकडा मोडून त्यांनी माझ्याच हातावर ठेवला.

त्या दिवशी सणाचे जेवण मला गोड लागले नाही. दुपारी पाच फुटांची एक सरळ काठी घेऊन मी ती अंगणात उभी रोवली आणि सावली मोजली. आमच्या भागात सूर्य माथ्यावर येण्याची खरी वेळ घड्याळात बारा नसून साडेबाराच्या थोडी पुढे असते, कारण आपल्या घड्याळांची वेळ पूर्वेकडील रेखावृत्तावरून ठरविलेली आहे. त्या वेळी काठीची सावली सुमारे चार फूट भरली, आणि ती सरळ उत्तरेकडे पडली होती. माझे आंबे पंचवीस फुटांचे झाले होते. म्हणजे भर दुपारीदेखील त्यांची सावली वीस फूट काकींच्या आवारात जात होती. सकाळी नवाच्या सुमारास तर ह्या दिवसांत कोणत्याही वस्तूची सावली तिच्या उंचीच्या दुपटीहून जास्त लांब होते व वायव्येकडे पसरते. पंचवीस फुटांच्या झाडाची सावली पन्नास फुटांवर! काकींचे अंगण संपूनही ती उरत होती.

पुढे जून महिन्यात, संत योहान बाप्तिस्ताच्या सणाला, म्हणजे २४ तारखेला, ढग जरा फाकले तेव्हा तीच काठी त्याच जागी रोवून मी पुन्हा मोजले. सावली अवघी आठ इंच. आणि नवल म्हणजे ती उत्तरेला नव्हे, दक्षिणेला पडली होती! बेळगाव कर्कवृत्ताच्या बरेच खाली असल्याने मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सूर्य दुपारी बरोबर आपल्या डोक्यावर येतो, त्यानंतर तो किंचित उत्तरेला सरकतो आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा डोक्यावर येऊन दक्षिणेला परततो. मी कलमे लावली ती जूनमध्ये. त्या दिवसांत झाडाची दुपारची सावली त्याच्या पायाशीच घुटमळते, आणि थोडीफार सरकलीच तर ती माझ्याच बाजूला येते. झाडाचे सुख तेवढे मला दिसले. त्याचा जाच पडत होता हिवाळ्यात आणि बांधापलीकडे, जेथे मी कधी पाहिले नाही.

ह्या दोन सणांची योजना मोठी अर्थपूर्ण आहे. योहानाचा जन्मोत्सव वर्षातील सर्वांत मोठ्या दिवसानंतर तीन दिवसांनी येतो आणि प्रभूचा जन्मोत्सव सर्वांत लहान दिवसानंतर तीन-चार दिवसांनी. पहिल्यानंतर दिवस लहान होत जातो, दुसऱ्यानंतर वाढत जातो. संत ऑगस्टीन यांनी आपल्या प्रवचनांत ह्या गोष्टीकडे श्रोत्यांचे लक्ष वेधले आहे. आमच्या गावी जूनमधला तो दिवस सुमारे तेरा तासांचा असतो, तर नाताळचा सुमारे अकरा तासांचा. पवित्र सभेच्या पंचांगाने सूर्याच्या दोन्ही टोकांवर अशी एक-एक खूण करून ठेवली असता मी मात्र एकाच टोकाला उभा राहून साऱ्या वर्षाचा निवाडा केला होता.

आता दुसरी गोष्ट, आणि ती मला अधिक लागून राहिली आहे.

परसातली चिंच तोडल्यानंतर पश्चिमेच्या खोलीत उन्हाळ्याचा उकाडा वाढला होता. ती खोली आईची. मार्च उलटला की आई रात्री चटई उचलून पुढच्या अंगणात क्रूसाजवळ येऊन निजे. म्हातारपणी झोप कमी होते, मोकळ्यावर बरे वाटत असेल, असे मी धरून चाललो होतो. काठीने सावल्या मोजू लागलो तेव्हा आईच्या खोलीचे कोडेही उलगडले. घराच्या दक्षिणेला नि पश्चिमेला छपराच्या सारख्याच, अडीच फुटांच्या वळचणी आहेत. दक्षिणेचा सूर्य उंचावरून येत असल्याने तेथे ही वळचण चोख काम करते. नाताळात सूर्य खाली असतो तेव्हा ती वरची तीनेक फूट भिंत झाकते व बाकीच्या भिंतीला ऊब मिळू देते. मार्चच्या अखेरीस मात्र दुपारी जवळजवळ सारी भिंत सावलीत घेते. जणू छप्परालाच ऋतू कळतात! परंतु पश्चिमेचे ऊन तिरपे असते. एप्रिलमध्ये दुपारी साडेचाराला तीच वळचण कशीबशी दीड फूट भिंत झाकते. उरलेली भिंत सूर्यास्तापर्यंत तापत राहते, आणि जाड विटांची भिंत दिवसा घेतलेली उष्णता रात्री आत सोडीत राहते. म्हणजे सूर्य मावळल्यावरही आई उन्हातच निजत होती. ते ऊन इतकी वर्षे त्या चिंचेने अडविले होते.

एकाच वर्षी, एकाच हुरुपात मी जेथे सावली हवी होती तेथले झाड तोडले आणि जेथे ऊन हवे होते तेथे झाडे लावली. परिणामी दोन म्हाताऱ्या आपापली जागा सोडून निघाल्या. एक ऊन शोधीत रस्त्यावर गेली, दुसरी गारवा शोधीत अंगणात आली. दोघींनीही मला एका शब्दाने दोष दिला नाही. आपल्या घरातील वडीलधारी माणसे पुष्कळदा अशीच असतात. ती तक्रार करीत नाहीत, फक्त खुर्ची किंवा चटई हलवितात. ती कोठे हलविली आणि का हलविली, हे पाहण्याचे काम आपले असते.

नाताळनंतर मी घरात विषय काढला. पूर्वेकडचे तीन आंबे तोडावेत व उरलेले दोन छाटून बुटके ठेवावेत, असे मी म्हटले. घरात कोणालाही ते रुचले नाही. पत्नीचे म्हणणे, फळावर आलेले झाड तोडू नये. मुलगा म्हणाला, झाडे आपल्या जमिनीत आहेत, कायद्याने आपल्याला कोण विचारणार? दोघांचेही म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. आंब्याचे चार पैसे घरात येत होते, आणि ती वडिलांची झाडे होती. मी दोन-तीन रात्री विचार केला. शेवटी आईनेच निकाल दिला. ती म्हणाली, “तुझे बाबा असते तर त्यांनी त्या दिवशीच कुऱ्हाड घेतली असती.”

जानेवारी २०१९ मध्ये तीन आंबे तोडले. पहिला घाव पडला तेव्हा काकी धावत आल्या आणि माझा हात धरून म्हणाल्या, “माझ्यासाठी नको रे, पाप लागेल.” मी म्हणालो, “काकी, तुमच्याच पाण्यावर ती वाढली. त्यांनी तुमचं ऊन खावं, हे पाप नव्हे काय?” त्यावर त्या रडल्या, आणि खरे सांगायचे तर मलाही रडू आवरेना. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आपल्या कट्ट्यावर उन्हात बसून जपमाळ करीत होत्या.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात परसात, पश्चिमेच्या भिंतीपासून पंधरा फुटांवर, मी कडुनिंब लावला. अंतर ठरविताना पुन्हा काठीचाच उपयोग झाला. पंधरा फुटांवरचे झाड वीस फुटांचे झाले की एप्रिलमध्ये दुपारी साडेचाराच्या सुमारास भिंतीचा दहा फुटांपर्यंतचा भाग सावलीत येतो. झाड ह्याहून जवळ असेल तर पावसाळ्यात भिंत ओली राहते, मुळे पायाला लागतात आणि पाला पुन्हा पन्हळीत साचतो. कडुनिंबच निवडला, कारण त्याची पानगळ हिवाळ्याच्या अखेरीस होते आणि ऐन उन्हाळ्यात तो नव्या पालवीने भरून येतो. लाकडाच्या लोभाने कोणी सागवान लावावयास सांगितले, तर एवढे ध्यानात ठेवावे की मार्च-एप्रिलमध्ये, सावलीची खरी गरज असते तेव्हा, सागवान बोडका उभा असतो.

परंतु झाड ते झाड. तोडावयास एक दिवस पुरतो. वाढावयास वर्षे लागतात. तोवर म्हणून भिंतीपुढे बांबूचा मांडव घालून त्यावर नारळाच्या झावळ्या टाकल्या, आणि एका बाजूने दुधीचा वेल चढविला. त्या मांडवाने खोली पुष्कळ सुसह्य झाली. २०२० च्या उन्हाळ्यात आई बरेच दिवस आपल्या खाटेवर निजली. २०२१ साली ती प्रभूच्या भेटीस गेली. तेव्हा कडुनिंब खिडकीच्या चौकटीइतकाच उंच होता. आज त्याची दाट सावली साऱ्या भिंतीवर पडते आणि त्या खोलीत माझा नातू दुपारचा अभ्यास करतो. ज्या खाटेसाठी तो कडुनिंब लावला, ती खाट मात्र आता तेथे नाही. काकींच्या बाबतीतली चूक मला सुधारता आली. आईच्या बाबतीत मला उशीर झाला.

म्हणून वाचकांना माझी एवढीच विनंती आहे. घराभोवती झाड लावण्यापूर्वी, किंवा असलेले तोडण्यापूर्वी, पाच फुटांची एक काठी घ्या. नाताळात एकदा आणि संत योहानाच्या सणाच्या सुमारास एकदा ती अंगणात रोवून सकाळी, दुपारी नि संध्याकाळी तिच्या सावलीच्या टोकाला खुंटी ठोका. ह्या सहा खुंट्या तुमच्या घराचे सारे वर्ष तुमच्यापुढे मांडतील. गावागावाप्रमाणे थोडा फरक पडेल. वडोदरा किंवा इंदूर ही शहरे कर्कवृत्ताच्या अगदी जवळ असल्याने तेथे जूनमधल्या त्या दुपारी सावली जवळजवळ नाहीशी होईल. आणि ग्वाल्हेर कर्कवृत्ताच्या उत्तरेला असल्याने तेथे दुपारची सावली वर्षभर उत्तरेलाच पडेल, नाताळात तर आमच्यापेक्षा बरीच लांब. परंतु रीत एकच. पश्चिमेला सावलीचे झाड असावे. दक्षिणेला छपराची वळचण पुरते. तेथे उंच, सदा हिरवे झाड घराला खेटून लावू नये, नाहीतर हिवाळ्याची ऊब जाते. पूर्वेचे अंगण मोकळे ठेवावे. सकाळचे कोवळे ऊन लेकरांना, म्हाताऱ्यांना नि फुलझाडांना सारखेच मानवते. घराच्या उत्तरेच्या सावलीत अळू, हळद, आले चांगले येते. आणि उत्तरेच्या बांधावर काही उंच लावण्यापूर्वी बांध ओलांडून पलीकडे जावे, शेजाऱ्याच्या कट्ट्यावर घटकाभर बसावे, आणि तेथून आपल्या आवाराकडे पाहावे.

जमिनीचा मालकी हक्क सरकारी कागदावर लिहिता येतो, उन्हाचा येत नाही. प्रभूने डोंगरावरील प्रवचनात पित्याच्या प्रेमाचा दाखला देताना सूर्याचेच नाव घेतले आहे. तो सूर्य कोणाचा बांध पाहत नाही. आपली झाडेही बांध पाहत नाहीत. त्यांची सावली पलीकडे जाते, मग ती सुखाची असो वा जाचाची. तेवढे आपण पाहावे.

परवाच्या नाताळला मी पुन्हा नेवऱ्यांचे ताट घेऊन काकींकडे गेलो. आता त्यांना नीटसे दिसत नाही. कट्ट्यावर त्या उन्हात बसल्या होत्या. पायरव ऐकून त्यांनी विचारले, “कोण, बाळ काय?” आणि थोडे सरकून त्यांनी मला उन्हात बसावयास जागा दिली.